राग-जॅझ स्टाइल

राग-जॅझ स्टाइल हा शंकर-जयकिशन या संगीतकारद्वयाचा १९६८ साली प्रकाशित झालेला वाद्यसंगीताचा अल्बम आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने तो हिज मास्टर्स व्हॉइस (एचएमव्ही) या नाममुद्रेखाली लाँग प्ले तबकडीच्या स्वरूपात प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी संगीतातील अकरा रागांवर आधारलेल्या अकरा रचना त्यात असून सतारवादन उस्ताद रईस खान यांचे आहे. सतारीच्या जोडीला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, बासरी आणि तबला ही वाद्ये वाजतात. अल्बममध्ये गायन नाही आणि तो कोणत्याही चित्रपटाशी निगडित नाही. भारतीय रागसंगीत व जॅझ यांच्या मिलाफाची जी ध्वनिमुद्रणे भारतातच तयार झाली, त्यांतील आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते.

या अल्बमचे महत्त्व दुहेरी आहे. जॅझमध्ये कॉर्डच्या साखळीला जे स्थान असते, ते येथे रागाच्या स्वरचौकटीला दिले आहे. त्यामुळे दोन संगीतपद्धती नेमक्या कोठे जुळतात आणि कोठे अडतात, हे त्यात स्पष्ट ऐकू येते. दुसरे असे की, चित्रपटगीतांमागे अनामिक राहिलेल्या मुंबईतील वादकांची नावे या ध्वनिमुद्रणाशी जोडली गेली आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईतील जॅझ

मुंबईत जॅझचा प्रवेश मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांतून झाला. १९३५ साली लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हे शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक मुंबईत आले. वेदरफर्ड यांनी आपला बँड चालवला, स्थानिक वादकांना त्यात घेतले आणि पुढे ते कलकत्त्याला गेले. तेथेच १९४५ साली त्यांचे निधन झाले.

या परदेशी बँडप्रमुखांच्या हाताखाली तयार झालेल्या वादकांत गोव्याच्या ख्रिस्ती समाजातील तरुणांचा मोठा भरणा होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिनसारखे वाद्य वाजवणे शिकवले जाई. या शिक्षणाचा मूळ हेतू प्रार्थनासंगीताचा असला, तरी त्यातून कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक घडले. नोकरीच्या शोधात हे वादक मुंबईत येत आणि धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या 'कूड' नावाच्या सामायिक निवासांत उतरत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ) हे या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव होय.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. नृत्यगृहांचा इंग्रज व संस्थानिक ग्राहकवर्ग ओसरला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू झाल्यावर हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांचे अर्थकारणही आक्रसले. त्याच काळात हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद मोठे होत होते. साहजिकच जॅझ वाजवणारे अनेक वादक दिवसा ध्वनिमुद्रण कक्षांत काम करू लागले आणि संध्याकाळी हॉटेलांत वाजवू लागले.

चित्रपटसंगीतातील देवाणघेवाण

ध्वनिमुद्रण कक्षांत दोन वेगळ्या परंपरांचे वादक शेजारी शेजारी बसत. सतार, सारंगी, बासरी, तबला वाजवणारे वादक गुरुमुखाने शिकलेले आणि कानाने संगीत आत्मसात करणारे होते. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे मुख्यतः लिखित संगीतावर वाढलेले होते. या दोहोंमध्ये दुवा साधण्याचे काम संगीत संयोजक, म्हणजे अरेंजर, करीत. संगीतकाराने हार्मोनियमवर ऐकवलेली चाल स्वरलिपीत उतरवणे, तिला वाद्यमेळाची जोड देणे आणि प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढणे हे त्यांचे काम होते.

नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट यांच्या साहाय्याने जॅझच्या लयीचा मुक्त उपयोग केला. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी याउलट वाट धरली. त्यांनी १९५८ साली मुंबईत वाद्यवृंद उभारून त्यासाठी रागांवर आधारित रचना पाश्चात्त्य पद्धतीने लिहिल्या. 'राग-जॅझ स्टाइल' तयार झाला तेव्हा रागाचे स्वर पाश्चात्त्य वाद्यांवर वाजवण्याचा सराव मुंबईतील वादकांना अशा रीतीने दीड-दोन दशकांचा होता.

शंकर-जयकिशन

शंकर सिंह रघुवंशी (१९२२–१९८७) हे हैदराबादमध्ये वाढलेले तबलावादक होते, तर जयकिशन दयाभाई पांचाळ (मृत्यू १९७१) हे गुजरातमधील वांसदा येथील हार्मोनियमवादक. दोघेही मुंबईत पृथ्वी थिएटरमध्ये वादक म्हणून काम करीत होते. राज कपूर यांच्या 'बरसात' (१९४९) या चित्रपटाने त्यांची स्वतंत्र कारकीर्द सुरू झाली. गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा हे दीर्घकाळ त्यांचे संगीत संयोजक होते. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये स्वतःचा बँड चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. दत्ताराम वाडकर हे तालवाद्यांची बाजू सांभाळीत.

या जोडीच्या संगीतात दोन प्रवाह प्रथमपासून दिसतात. एकीकडे 'बसंत बहार' (१९५६) सारखा चित्रपट होता. त्यात पंडित भीमसेन जोशी व मन्ना डे यांची जुगलबंदी आहे. दुसरीकडे 'जंगली' (१९६१), 'गुमनाम' (१९६५), 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' (१९६७) यांसारखे पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या वळणाचे चित्रपट होते. 'राग-जॅझ स्टाइल' मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. फरक इतकाच की, येथे शब्द नाहीत, प्रसंग नाही आणि नटही नाही.

जॅझमधील तत्कालीन प्रवाह

अल्बमची घडण समजण्यासाठी त्या काळातील जॅझच्या दोन शैलींची ओळख आवश्यक आहे.

पहिली शैली 'हार्ड बॉप'. १९५०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट अशा शहरांतील आफ्रिकन-अमेरिकन वादकांनी ती रूढ केली. १९४०च्या दशकातील 'बीबॉप'ची गुंतागुंत कायम ठेवून तिच्यात ब्लूज आणि चर्चमधील गॉस्पेल गायनाचा ठसका आणणे, हे तिचे लक्षण. ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि पियानोवादक होरेस सिल्व्हर हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम असा पाच वादकांचा संच या शैलीत प्रमाण मानला गेला. ट्रम्पेट व सॅक्सोफोन मिळून मूळ धून मांडतात, मग एकेक वादक तिच्यावर उत्स्फूर्त विस्तार करतो आणि शेवटी धून पुन्हा येते.

या शैलीत पियानोवादक स्वतः बँडप्रमुख असणे ही विशेष बाब होती. सिल्व्हर यांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला 'साँग फॉर माय फादर' हा अल्बम त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे वडील केप व्हर्दे या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीतून अमेरिकेत आले होते. शीर्षकरचनेत बासवर पुनःपुन्हा येणारा एक ठेका असून सगळी धून त्याच्या आधाराने उभी राहते. अशा अल्बममध्ये धून रचणे, कॉर्ड ठरवणे आणि इतरांच्या विस्ताराला आधार देणे ही तिन्ही कामे पियानोपाशी एकवटलेली असतात.

दुसरी शैली 'मोडल जॅझ'. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या अल्बमने ती सर्वदूर पोहोचली. हार्ड बॉपमध्ये कॉर्ड झपाट्याने बदलतात आणि वादकाला प्रत्येक बदलाबरोबर आपले स्वर बदलावे लागतात. मोडल जॅझमध्ये एकच स्वरसप्तक बराच वेळ स्थिर राहते आणि वादक त्याच्या आत मुक्तपणे फिरतो. आधारस्वर कायम आणि ठरलेल्या स्वरांतून चाललेला विस्तार, असे त्याचे स्वरूप असल्यामुळे रागसंगीताशी त्याचे नाते सहज जुळण्यासारखे होते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना ध्वनिमुद्रित केली, ती याच वाटेवरची.

वादकवृंद

अल्बमच्या वादकवृंदात पुढील वादकांचा समावेश आहे.

• सतार – उस्ताद रईस खान
• सॅक्सोफोन – मनोहारी सिंग
• ट्रम्पेट – जॉन परेरा
• पियानो – ल्युसिला पाशेको
• इलेक्ट्रिक गिटार – अनिबल कास्त्रो, दिलीप नाईक
• बास – एडी त्रावास
• ड्रम – लेस्ली गुदिन्हो
• बासरी – सुमन
• तबला – अनंत नय्यर, रमाकांत

या यादीतून सतार, बासरी, तबला आणि गिटार क्षणभर बाजूला ठेवले, तर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, बास व ड्रम हा हार्ड बॉपचा पंचकी संच जसाच्या तसा उरतो. म्हणजे अल्बमचा सांगाडा त्या काळच्या जॅझ संचाचाच आहे. त्याच्या अग्रभागी सतार आणून ठेवली आहे आणि लयीच्या बाजूला तबल्याची भर घातली आहे.

रईस खान (१९३९–२०१७) यांचा जन्म इंदूरचा. मेवाती घराण्याची परंपरा लाभलेल्या या वादकाने मुंबईत मैफली आणि चित्रपटसंगीत या दोन्ही क्षेत्रांत काम केले. १९८०च्या दशकात ते पाकिस्तानात स्थायिक झाले. गायकी अंगाची, लांब मिंडेची वादनशैली हे त्यांचे वैशिष्ट्य. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) हे कलकत्त्याहून मुंबईत आले आणि पुढे राहुल देव बर्मन यांचे प्रमुख संयोजक म्हणून ओळखले गेले.

अल्बममधील राग

रचनांना राग हेच शीर्षक आहे. त्या पुढीलप्रमाणे:

१. तोडी
२. भैरव
३. मालकंस
४. कलावती
५. तिलक कामोद
६. मियाँ मल्हार
७. बैरागी
८. जयजयवंती
९. मिश्र पिलू
१०. शिवरंजनी
११. भैरवी

रागांचा क्रम त्यांच्या गानसमयानुसार लावलेला नाही. तोडी व भैरव हे सकाळचे राग आरंभी आहेत, पाठोपाठ उत्तररात्रीचा मालकंस येतो आणि वर्षा ऋतूचा मियाँ मल्हार मध्यावर आहे. एक संकेत मात्र पाळलेला आहे. मैफलीचा शेवट भैरवीने करण्याचा जो प्रघात महाराष्ट्रात दृढ आहे, त्याप्रमाणे अल्बमही भैरवीनेच संपतो. शिवरंजनी व भैरवी हे शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटगीतांत वारंवार येणारे राग आहेत. जयजयवंतीचा उपयोगही त्यांनी 'सीमा' (१९५५) या चित्रपटात केला होता.

रागांची निवड आणि जॅझची स्वरभाषा

अकरांपैकी मालकंस, कलावती, बैरागी आणि शिवरंजनी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. पंचस्वरी सप्तक जॅझच्या वादकाला परके नाही, कारण ब्लूजची बहुतेक सुरावट अशाच सप्तकातून निघते.

मालकंसाचे उदाहरण बोलके आहे. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत व कोमल निषाद हे त्याचे स्वर. यातील मध्यमाला षड्ज मानून तेच स्वर वाजवले, तर मूर्च्छनेने धानी रागाचे स्वर मिळतात. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद हे धानीचे स्वर म्हणजेच ब्लूजमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे पंचस्वरी सप्तक होय. म्हणून मालकंसाचे स्वर सॅक्सोफोनवादकाच्या बोटांना परिचित असतात. अडचण वेगळीच असते. मालकंसात पंचम वर्ज्य आहे आणि जॅझच्या वादकाला षड्जावर विसावताना पंचमाचा आधार घेण्याची सवय असते. ती त्याला आवरावी लागते.

कलावतीत षड्ज, शुद्ध गंधार, पंचम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद हे स्वर येतात. यांतून धैवत वगळला, तर उरलेले चार स्वर एकत्र वाजवल्यावर जॅझमधील अत्यंत मूलभूत अशी 'डॉमिनंट सेव्हन्थ' कॉर्ड तयार होते आणि धैवत तिच्यात सहज मिसळतो. ब्लूजची इमारत याच कॉर्डवर उभी असते. त्यामुळे कलावतीला कॉर्डची साथ देताना रागाबाहेरचा एकही स्वर घ्यावा लागत नाही.

जयजयवंतीत शुद्ध व कोमल हे दोन्ही गंधार येतात. ब्लूजचा खास रंगही शुद्ध आणि कोमल गंधारांमधील ओढाताणीतूनच निर्माण होतो. साम्य येथेच संपते, कारण जयजयवंतीत कोमल गंधार केव्हा घ्यायचा हे चलनाने ठरलेले असते. ब्लूजचा वादक तो मनाला येईल तेव्हा घेतो.

बैरागीची स्थिती याच्या उलट आहे. षड्ज, कोमल ऋषभ, मध्यम, पंचम व कोमल निषाद या स्वरांत गंधारच नाही. पाश्चात्त्य पद्धतीत कॉर्ड 'मेजर' आहे की 'मायनर', हे गंधारावरून ठरते. गंधाराच्या अभावी बैरागीची साथ अधांतरी राहते आणि हा अधांतरीपणा रागाच्या विरक्त भावाला पोषकही ठरतो.

तिलक कामोद आणि मियाँ मल्हार यांच्याबाबत प्रश्न अधिक खोल जातो. या रागांची ओळख केवळ स्वरांच्या यादीने पटत नाही. तिलक कामोदाचे चलन वक्र आहे. मियाँ मल्हारात आंदोलित कोमल गंधार आणि दोन निषादांची विशिष्ट जवळीक हेच रागाचे प्राण आहेत. स्वर तेच ठेवून ते सरळ आरोह-अवरोहात वाजवले, तर राग उरत नाही, केवळ सप्तक उरते. राग हे सप्तक नव्हे, हा धडा राग आणि जॅझ यांच्या मिलाफाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला येथे मिळतो.

रचनापद्धती व लय

लाँग प्ले तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण चाळीस मिनिटांचे संगीत मावते. अकरा राग त्यात बसवायचे म्हटल्यावर प्रत्येक रागाच्या वाट्याला चार मिनिटांहूनही कमी वेळ येतो. मैफलीत एकटा मालकंस तासभर चालू शकतो, हे लक्षात घेतले की या मर्यादेचा अर्थ कळतो. विलंबित विस्ताराला येथे जागाच नाही. रागाची ओळख पटवणारी सुरावट, बेतलेली धून आणि थोडका विस्तार यांवरच भर द्यावा लागला.

रचनांची सर्वसाधारण घडण जॅझच्या वळणाची आहे. रागाची धून मांडली जाते, सतार आणि अन्य वाद्ये आळीपाळीने पुढे येतात व अखेर धूनेकडे परतणे होते. ख्याल किंवा गत यांतही बंदिशीच्या मुखड्याकडे वारंवार परतणे असतेच. त्यामुळे हा आराखडा रागसंगीत ऐकणाऱ्यालाही अपरिचित वाटत नाही.

लयीच्या बाबतीत दोन परंपरा एकमेकींच्या जवळ आहेत. जॅझमध्ये चार ठोक्यांचे माप प्रचलित आहे आणि अशी चार मापे मिळून तीनतालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन होते. फरक मात्रेच्या आतल्या विभागणीत आहे. जॅझच्या 'स्विंग' लयीत मात्रेचे दोन भाग असमान असतात. पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो. तबल्याच्या ठेक्यात विभागणी बहुधा समान असते. ड्रम आणि तबला एकत्र वाजवताना दोघांपैकी कोणाची विभागणी प्रमाण मानायची, हा निर्णय वादकांना घ्यावा लागतो. अल्बममधील लयीचा झोक मुख्यतः ड्रम आणि बास यांच्याकडे आहे.

पियानोचे स्थान

सतार आणि पियानो ही या अल्बममधील दोन टोके आहेत. सतारीत तार पडद्यावर खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते. पियानोचा स्वर पट्टी दाबताच ठरून जातो. मग त्याला वाकवता येत नाही. मिंड, आंदोलन, गमक यांतील काहीच पियानोवर शक्य नसते.

दुसरी अडचण स्वरस्थानांची आहे. पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते आणि प्रत्येक भाग १०० सेंटचा असतो. त्यामुळे पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या नादातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. तोडीतील कोमल ऋषभ व गंधार अनेक गायक-वादक आणखी उतरते लावतात. असा अतिकोमल स्वर पियानोवर मिळतच नाही. हार्मोनियमच्या साथीवर विसाव्या शतकात जो वाद झाला आणि ज्यामुळे आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, त्याचे मूळही याच प्रश्नात होते.

हार्ड बॉपच्या अल्बममध्ये पियानो संचाचे नेतृत्व करू शकतो, येथे मात्र त्याला तसे करता येत नाही, याचे कारण वाद्याच्या या स्वभावात आहे. येथे पुढारपण सतारीकडे जाते. सॅक्सोफोन व ट्रम्पेट हे ओठांच्या दाबाने स्वर थोडाफार वाकवू शकतात, म्हणून ते सतारीच्या जवळ पोहोचतात. पियानोने कॉर्ड भरगच्च वाजवल्या, तर रागाचे स्वर झाकोळतात. त्याने अगदीच मौन पाळले, तर जॅझचा पोत हरवतो. मोजके स्वर घेऊन, रागात वर्ज्य असलेला स्वर कॉर्डमध्ये डोकावणार नाही याची काळजी घेत आधार देणे, हे त्याचे काम ठरते. ल्युसिला पाशेको यांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत पियानोवादक म्हणून काम केले होते आणि चित्रपटगीताची साथ करताना असाच संयम लागतो.

समकालीन प्रयोग

हा अल्बम निर्माण झाला तेव्हा जगभर भारतीय संगीताविषयी कुतूहल शिगेला पोहोचले होते. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आपल्या चौकडीसह १९५८ मध्ये भारतात आले होते. मुंबईत त्यांची भेट सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याशी झाली. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केलेल्या 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' या अल्बममध्ये ब्रुबेक यांनी 'कलकत्ता ब्लूज' ही रचना समाविष्ट केली. ड्यूक एलिंग्टन यांनी १९६३ मध्ये भारताचा दौरा केला आणि त्याचे पडसाद त्यांच्या 'फार ईस्ट सुइट' मध्ये उमटले. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर व जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये 'इंडो-जॅझ सुइट' (१९६६) केला. पंडित रविशंकर यांनीही 'इम्प्रोव्हायझेशन्स' (१९६२) या अल्बममध्ये अमेरिकन जॅझ वादकांना सोबत घेतले होते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमुळे सतार पाश्चात्त्य तरुणांपर्यंत पोहोचली होती.

या सर्व प्रयोगांपेक्षा 'राग-जॅझ स्टाइल' एका बाबतीत निराळा आहे. वरील बहुतेक प्रयोगांत पाश्चात्त्य संगीतकार भारतीय संगीताकडे पाहुण्यासारखे आले, किंवा भारतीय वादक परदेशात जाऊन तेथील वादकांना भेटले. मुंबईच्या अल्बममधील वादक मात्र एकाच शहरात, एकाच व्यवसायात राहणारे होते. त्यांना राग आणि जॅझ या दोहोंची ओळख रोजच्या कामातून झाली होती.

मूल्यमापन

रागसंगीताच्या कसोटीवर अल्बमच्या मर्यादा उघड आहेत. रागाचा क्रमशः विस्तार त्यात नाही आणि काही ठिकाणी रागाचे चलन धूनेच्या सोयीने सोपे केलेले जाणवते. जॅझच्या कसोटीवरही वादकांना मिळालेला अवकाश तोकडाच आहे. विचार आकार घेऊ लागतो न लागतो तोच रचना संपते. दोन्ही मर्यादांचे कारण एकच आहे. चित्रपटगीताच्या तीन-चार मिनिटांच्या साच्यात घडलेल्या संगीतकारांनी तोच साचा येथेही वापरला.

त्याच साच्याने अल्बमला त्याचे गुणही दिले आहेत. धून नेटकी आहे, वाद्यांचे रंग काळजीपूर्वक मांडले आहेत आणि अनावश्यक असे फारसे काही नाही. राग ओळखू येईल इतका शाबूत आहे आणि जॅझचा संच केवळ सजावटीपुरता ठेवलेला नाही.

श्रेयाचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. त्या काळातील चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर चित्रपट, संगीतकार, गीतकार व गायक यांची नावे छापली जात. वादकांची नावे सहसा नसत. हजारो गीतांत वाजलेला सॅक्सोफोन किंवा पियानो कोणाचा, हे श्रोत्यांना कळत नसे. पुढे ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या ग्रंथांनी या वादकांचा इतिहास संकलित केला. 'राग-जॅझ स्टाइल' मध्ये मात्र हे वादक गायकाच्या आवाजामागे नसून स्वतःच अग्रभागी आहेत.

नंतरचा काळ

जयकिशन यांचे १९७१ साली निधन झाले. शंकर यांनी जोडीच्याच नावाने पुढेही चित्रपटांना संगीत दिले.

राग आणि जॅझ यांचा मिलाफ मात्र मुंबईत चालू राहिला. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्यात वाजवून गेले. दार्जिलिंगला जन्मलेले आणि मुंबईत स्थायिक झालेले पियानोवादक लुई बँक्स, गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीतातील गायिका रमामणी यांनी १९८०च्या दशकात या मिलाफाला नवे रूप दिले. मुंबईचेच तबलावादक झाकीर हुसेन यांनी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या 'शक्ती' या गटातून तो जगभर नेला. या प्रयोगांत रचनांना लांबी मिळाली आणि वादकांना विस्ताराला वाव मिळाला.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे पुढे 'सारेगामा' असे नामांतर झाले. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांमुळे आणि नव्याने झालेल्या पुनर्प्रकाशनांमुळे हा अल्बम एकविसाव्या शतकातील श्रोत्यांपर्यंत पोहोचला आहे.